थोरल्याचा कागद

माझ्या हातची कम्युनियन अम्मानं दोन वर्षं घेतली नाही.

सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे उपासनेला, दोन रांगा लागतात. एक म्हाताऱ्या फादरांसमोर, दुसरी माझ्यासमोर. आम्ही दोघं पवित्र भाकरीचा तुकडा एकेकाच्या हातावर ठेवत जातो. अम्मा, म्हणजे माझी आई, तिसऱ्या बाकावर बसायची, माझ्याच बाजूला. वेळ झाली की उठायची आणि माझ्या डोळ्यांदेखत मधली वाट ओलांडून पलीकडच्या रांगेत जाऊन उभी राहायची. बुधवारी सकाळी मी एकटाच मिस्सा करायचो, त्या मिस्सेला तर तिनं येणंच सोडलं. पोरगा फादर व्हावा म्हणून जिनं जन्मभर विड्या वळल्या, तिलाच पोराचा हात नको झाला होता. लोक बघायचे. मला वाटायचं, हातातलं पात्र तिथंच ठेवावं आणि ओरडून विचारावं, अगं बाई, झालंय तरी काय तुला?

विचारलं की. एकदा नाही, दहादा विचारलं. "गुडगं दुकत्यात. ती रांग ल्हान असती," म्हणायची. ती रांग लहान नसायची. म्हाताऱ्या फादरांचा हात थरथरतो, एकेका माणसाला वेळ लागतो. मला राग यायचा. माझा राग तसाही नाकावरच असतो, तो मला नायनांकडून मिळाला. नायना म्हणजे वडील. अम्मा आमच्याशी तेलुगूतच बोलायची, इथं मी तिचं बोलणं आमच्या गल्लीतल्या मराठीत लिहितोय, कारण मला दोन्ही भाषा एकाच तोंडातल्या वाटतात.

आता मी कोण, कुठला, ते सांगतो. निदान मला लहानपणापासून जे पाठ होतं ते सांगतो. माझा जन्म तेलंगणातल्या एका खेड्यात झाला. आमचं घर आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. नायना शेतमजूर. गावातले विणकर सोलापूरला पॉवरलूमवर गेले, त्यांच्या मागोमाग नायनाही निघाले. मी तेव्हा नऊ महिन्यांचा, अम्माच्या मांडीवर. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला तो रेल्वेचा डबासुद्धा आठवायचा. खरंच सांगतो, डब्याचा वास आठवायचा.

सोलापुरात तेलुगू माणसांची काय कमी नाही. पण तेलुगूंमध्ये आम्ही किरिस्ताव आणि किरिस्तावांमध्ये आम्ही तेलंगी. शाळेत पोरं विचारायची, "काय बे तेलंग्या, कवा आलास बे हितं?" मी छाती काढून सांगायचो, नऊ महिन्यांचा असताना. म्हणजे जवळजवळ इथलाच की. 'जवळजवळ' या शब्दावर मी सगळं बालपण काढलं.

एकच खोली होती आमची. नायना मागावर टॉवेल काढायचे, बारा-बारा तास. त्या खटखटीनं त्यांचे कान गेले. अम्मा उंबऱ्यात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळायची. तंबाखूची धूळ तिच्या पदराला, केसांना, आमच्या भाकरीलासुद्धा लागलेली असायची. खोलीत एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात लग्नाची साडी आणि साडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. गावच्या चर्चचा शिक्का असलेला माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला. त्यावर माझं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, डोक्यावर पाणी घातलं ती तारीख, फादरची सही.

त्या कागदावर माझं सगळं उभं राहिलं. शाळेत नाव घातलं त्या कागदावर. तेव्हा बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "हा सहा वर्षांचा? चारचा दिसतोय." अम्मा म्हणाली, "खात न्हाय काय." पहिली कम्युनियन त्या कागदावर, मिशनचं वसतिगृह त्या कागदावर, फादर घडवणारी पुण्याची सेमिनरीसुद्धा त्याच कागदावर. दर वेळी अम्मा ट्रंक उघडायची, कागद काढायची, त्याचा मुका घ्यायची आणि रडायची. मला वाटायचं, पोराच्या कौतुकानं रडते. मी म्हणायचो, "अम्मा, कागदच आहे की." ती म्हणायची, "परत आण पर. हरवू नको."

आणखी एक गोष्ट दरवर्षी व्हायची. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळे ख्रिस्ती दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातात. आमचं तिथं कुणीच पुरलेलं नव्हतं. तरी अम्मा मला घेऊन जायची, मागच्या भिंतीकडच्या एका उंचवट्याशी, आणि माझ्या हातून मेणबत्ती लावून घ्यायची. ना क्रूस, ना दगड. "कुनाचं हाय?" विचारलं तर म्हणायची, "हाय आपल्याकडचं कुनाचं तरी लेकरू." नायना तिथं कधीच यायचे नाहीत.

मी फादर का झालो, हे लोक विचारतात. त्यांना काहीतरी साक्षात्कार ऐकायचा असतो. माझं असं झालं: मी नववीत होतो, नायना मरायला टेकले होते. हेच म्हातारे फादर, तेव्हा म्हातारे नव्हते, स्कूटरवरून आमच्या खोलीत आले. मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल नायनांना लावलं, प्रार्थना म्हटली. पण नायनांना एक अक्षर ऐकू येईना. ते नुसते घाबऱ्या डोळ्यांनी फादरांच्या ओठांकडे बघत होते. तर फादरांनी काय केलं, नायनांचा हात उलटा केला आणि त्या घट्टे पडलेल्या तळहातावर बोटानं क्रूस काढला. सावकाश. दोनदा. नायनांना कळलं. हसले. देवावर वर्षानुवर्षं रुसलेला तो माणूस हसला. मी भिंतीला टेकून बघत होतो. म्हटलं, हे काम मला करायचंय. बस्स, एवढंच.

सेमिनरीत बरीच वर्षं गेली. इंग्रजीत तत्त्वज्ञान वाचताना डोकं फुटायची वेळ यायची. तिथंही मी सोलापूरचा नव्हतोच, कागदावर गाव तेलंगणातलं. रेक्टर एकदा म्हणाले, "तुझं वय फाइलमध्ये एक आहे आणि चेहऱ्यावर एक." आम्ही दोघंही हसलो.

गुरुदीक्षेच्या, म्हणजे फादर होण्याच्या, आधी आपल्या चर्चमध्ये आपलं नाव वाचून दाखवतात. याच्या आड येणारं काही कुणाला ठाऊक असेल तर त्यानं सांगावं, असं विचारतात. अम्मा तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती. मान वळवून सगळ्यांकडे बघत होती, बोला की कोण बोलतंय ते, अशी. दीक्षेच्या दिवशी बिशपांनी माझ्या तळव्यांना तेल लावलं. ते तेल पुसलेलं कापड आईला देतात. आई गेली की तिच्या पेटीत, तिच्या हातात ते ठेवायचं. वर विचारतील, काय आणलंस, तेव्हा तिनं ते कापड दाखवायचं आणि म्हणायचं, मी एका फादरची आई आहे. अम्मानं ते कापड दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथंच छातीशी खोचलं.

बिशपांनी मला सोलापूरलाच पाठवलं. आपल्या गावी सहसा पाठवत नाहीत, पण म्हातारे फादर थकले होते आणि तेलुगू घरांना त्यांची भाषा येणारा फादर हवा होता. चार वर्षं मी तिथं लग्नं लावली, बाप्तिस्मे दिले, माणसं पुरली, लोकांची पापं ऐकली. आणि मग तो रविवार आला.

मागावर काम करणारं एक जोडपं दोन वर्षांच्या पोरीला घेऊन आलं होतं, आमच्यासारखंच तिकडून आलेलं. नाव लिहून घेताना पोरीची आजी म्हणाली, "पानी कशाला फादर? ह्या नावावर एकदा पडलंय की." झालं असं होतं, त्यांची पहिली पोरगी बाप्तिस्मा होऊन वारली होती. आमच्यात गेलेल्याचं नाव पाठच्याला ठेवतात. म्हातारीचं म्हणणं, नाव तेच तर पाणीही तेच चालेल. मला त्यात गंमत वाटली. मिस्सेच्या प्रवचनात मी ते सांगितलं, हातवारे करून, तिची नक्कल करून. म्हणालो, "नावाला बाप्तिस्मा नसतो, माणसाला असतो. मेलेल्याचं पाणी जित्याच्या काय कामाचं? हे डोकं कोरडं ते कोरडंच! आणि पाणीच नाही तर पुढचं सगळं फुकट." लोक खदखदून हसले. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. पुढच्या रविवारपासून अम्मा माझ्या रांगेतून गेली. चारचौघांत एका म्हाताऱ्या बाईचं हसं केलं म्हणून रागावली असेल, असं मी स्वतःला समजावलं. मनातून लाजही वाटत होती. पण दोन वर्षं?

दोन वर्षांनी तिची छाती भरली. जन्मभराची तंबाखू होती ती. सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची कॉट मिळाली. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मला कुणाला बोलवायचं होतं? मीच होतो की. तेलाची डबी खिशात होती. ज्या कामासाठी मी फादर झालो, ते काम आज आईसाठी करायचं होतं.

कॉटजवळ बसलो, डबी उघडली. अम्मानं माझा हात धरला. जोर कुठून आला कोण जाणे.

"तेल लावू नको."

"अम्मा, आता नाटकं नको. दोन वर्षं झाली तुझी."

तिनं उशीखाली हात घातला आणि ते कापड काढलं, दीक्षेचं. माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्ये घे. माज्या पेटीत ठेवू नको. वर इचारलं तर मी काय सांगू?"

"म्हणजे?"

"तू फादर न्हाईस रे."

मला वाटलं, तापात बरळतेय. पण तिचे डोळे स्वच्छ होते. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून, दम घेत घेत तिनं सांगितलं. नऊ महिन्यांचा मांडीवर आणला तो मी नव्हतो. तो थोरला. सोलापूरला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन दोन दिवसांत गेला. दफनभूमीच्या मागच्या भिंतीला पुरला. मी त्याच्यानंतर झालो, त्याच खोलीत, शेजारच्या अक्कांनी माझी नाळ कापली. नाव तेच ठेवलं. नायना म्हणाले, त्याला पाणी घातलं तर काय झालं? ह्याला त्या चर्चात न्यायचं नाही. पुढं त्यांचा राग थोडा निवला, मला चर्चमध्ये घेऊन गेले. तिथं नव्यानं आलेल्या फादरांनी विचारलं, बाप्तिस्मा झालाय का? कागद आणा. अम्मानं ट्रंक उघडली.

"नाव त्येच, आई-बाप त्येच, घर त्येच. मला वाटलं, पानी त्येच चालतंय. देवाला कळतंय की, आपल्याला काय कळतंय. मग तू त्या दिशी सांगितलंस. डोकं कोरडं ते कोरडंच."

मी उठून उभा राहिलो. लाजेनं सांगतो, मरणाऱ्या आईवर मी ओरडलो. "दोन वर्षं! दोन वर्षं तू गप्प बसलीस? किती माणसं मेली माझ्या हाताखाली! खोट्या हातानं तेल लावलं मी त्यांना! लोकांनी पापं सांगितली, मी माफ केली, मी कोण माफ करणारा? मेलेल्याच्या कागदावर वाढवलंस मला!"

शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. तेलुगू तिला कळत नव्हती, पण ओरडणं कळत होतं.

"सांगितलं असतं तर झगा काडला असता तुजा," अम्मा म्हणाली. "तेलंगीनीनं खोटा कागद दिऊन पोराला फादर केलं म्हनले असते. आता म्हाताऱ्या फादरला बोलीव. मला खरं तेल पायजे."

मी वॉर्डाबाहेर आलो. पायऱ्यांवर बसलो. फोन हातात होता, म्हाताऱ्या फादरांचा नंबर सगळ्यात वर होता. पण बोलवायचं म्हणजे सांगावं लागणार, तुम्ही का या, मी का नाही. आणि सांगितलं की संपलं. टपरीवरचा चहा घेतला. आणखी एक घेतला. समोर एक माणूस केळ्यांच्या साली बकरीला चारत होता, त्याच्याकडे बघत बसलो. राग अम्मावर होता, असं मी स्वतःला सांगत होतो. खोटं. मला भीती वाटत होती. एक तास गेला. पुरा एक तास. घड्याळ बघून सांगतो.

मग फोन केला. फादर होटगीला एका रेल्वेवाल्याच्या घरी गेले होते. "अरे, मला कशाला? तू आहेस ना तिथं? लाव की तेल!"

"नाही फादर. तुम्हीच या."

"काय झालं?"

"या. लवकर या."

आत गेलो तेव्हा अम्माचा श्वास बदलला होता. मधे थांबायचा, मग ओढ घेऊन सुरू व्हायचा. म्हटलं, "येतायत फादर, अम्मा." तिनं मान हलवली आणि स्टुलावरच्या पेल्याकडे बोट केलं. मला वाटलं पाणी हवंय. पेला तिच्या तोंडाशी नेला, तर तिनं तो माझ्या हातातून घेतला.

"वाक," म्हणाली.

तेलंगणातल्या गावच्या उपदेशकानं सगळ्या बायकांना शिकवून ठेवलं होतं: लेकरू मरायला लागलं आणि फादर जवळ नसला, तर तुम्हीच पाणी घाला, तो बाप्तिस्मा लागू होतो. नेमाप्रमाणं तो हक्क मरणाऱ्या लेकरासाठी. "तू कुटं मरत होतास तवा? गुबगुबीत होतास," ती म्हणाली आणि हसायला गेली तर खोकलाच आला. "आता मरती मी, न् पानी तुला."

मी गुडघ्यांवर बसून डोकं कॉटच्या कडेला टेकवलं. तिनं माझ्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं, तेलुगूत, मधे दम घेत, एकही शब्द न चुकता. पाणी मानेवरून शर्टात गेलं. फरशीवर सांडलं. मागून कुणाची तरी मावशी म्हणाली, "अवो, पानी सांडालंय की तुमचं!" अम्मानं पेला रिकामा करून माझ्या हातात दिला.

मी पाच मिनिटांचा ख्रिस्ती होतो. फादर नव्हतो, कुणीच नव्हतो. खिशात तेलाची डबी होती आणि तिचा मला काडीचा उपयोग नव्हता. मी तिचा हात उलटा केला. विडीच्या दोऱ्यानं बोटांवर पडलेल्या रेघा होत्या. तळहातावर बोटानं क्रूस काढला, नायनांना काढला होता तसा. तिला ऐकू येत होतं, तरी काढला. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

म्हातारे फादर हेल्मेट हातात घेऊन वॉर्डात आले तेव्हा श्वास थांबून दहा मिनिटं झाली होती. माझे ओले केस बघितले, अम्माकडे बघितलं, आणि अंगठ्यानं तिच्या कपाळाला तेल लावलं. "जीव नेमका कधी जातो ते आपल्याला काय कळतंय," म्हणाले. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. मला एवढंच कळतं की मी तासभर आधी फोन केला असता तर हा प्रश्नच पडला नसता.

त्याच संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. अम्माच्या मिस्सेला मी बाकावर बसलो, तिच्या जागेवर. पेटीत कापड ठेवलं नाही. तिला मागच्या भिंतीकडे, त्या उंचवट्याशेजारी जागा मागून घेतली. लोक कुजबुजत होते, पोटचा पोरगा फादर असून मिस्सा करत नाही, मस्ती आलीय.

मग बिशप, चौकशा, जबाब. पुरावा म्हणून आधी चर्चची मृतांची जुनी वही काढली. त्यात होतं. माझं नाव, बापाचं नाव, वय वर्ष एक. वही माझ्याच ऑफिसातल्या कपाटात होती, किल्ली माझ्याच खिशात. सहा वर्षांत ते पान उलटायचं मला कारण पडलं नव्हतं. मग सीमेकडच्या मैंदर्गी गावाला गेलो. नाळ कापणाऱ्या अक्का मी चार वर्षांचा असतानाच तिकडं परत गेल्या होत्या. कपाळाला विभूती, तोंडात अर्धी कन्नड, अर्धी मराठी. मी जन्माचं विचारलं तर त्या चिडल्याच. "हितंच म्हंजे सोलापुरात की वो! ह्या माज्या हातांत जल्मला तुमी. कोन म्हनालंय तेलंगणात? आँ? त्येच्या तोंडात माती!" मी त्यांच्या पाया पडलो. जन्मभर मी ज्या गावात बाहेरचा म्हणून वावरलो, ते माझंच होतं. कळून आता काय करायचं होतं?

बिशपांनी अम्माचं पाणी धरलं. नेमाबाहेर घातलं, पण लागू झालं, म्हणाले. बाकी सगळं नव्यानं. झगा उतरवला. चर्चमध्ये दोन रविवार वाचून दाखवलं की अमुक वर्षांत या माणसानं दिलेले संस्कार फादरनं दिलेले नव्हते. बाप्तिस्मे टिकले, कारण ते कुणीही दिलेले लागू होतात; लग्नांची व्यवस्था लावली. पण मेलेल्यांची कशी लावणार? एक मागवाला माझ्या खोलीच्या दारात आला. त्याच्या बापाला मी तेल लावलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "मग माज्या बापाचं काय झालं, सांगा की." म्हातारे फादर मधे पडले, म्हणाले, देव कागदावर अडत नसतो. तो म्हणाला, "तुमाला न्हाई इचारलं, ह्यांना इचारलं." मग गेला. तो अजून चर्चला येत नाही.

दीड वर्षानं दुसऱ्यांदा दीक्षा झाली. छोट्या चॅपलमध्ये, बँड नाही, जेवणावळ नाही. बिशपांनी तळव्यांना तेल लावलं, पुसलं, आणि मदतीला उभ्या असलेल्या तरुण फादरनं सवयीनं कापड पुढं केलं. "आई कुठायत?" मग त्याच्या लक्षात आलं आणि तो लाल झाला. मी कापड घडी करून खिशात ठेवलं.

दुपारी एकटाच दफनभूमीत गेलो. राखणदाराकडून खुरपं घेतलं. आमची जमीन उन्हात दगड होते, हातभर खणायला अर्धा तास गेला. अम्माच्या उशाशी ते कापड पुरलं. म्हटलं, "अम्मा, आता विचारलं तर सांग. आणि तो एक तास, तोही मीच केला, तेही सांग." मग दोन मेणबत्त्या लावल्या. एक तिच्यासाठी, एक शेजारच्या उंचवट्यावर. लहानपणापासून मी तिथं मेणबत्ती लावत आलो, पण त्याला कधी हाक मारली नव्हती, कारण नाव ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. ते माझंच होतं. मोठ्यानं हाक मारली आणि ओ त्यानं द्यायची की मी, ते ठरेना म्हणून तसाच उभा राहिलो.